कोल्हा, मुंगूस आणि परसातल्या कोंबड्या : नव्याने पाळणाऱ्यांसाठी

भूगाव-पिरंगुटपासून वाघोली-उरुळीपर्यंत पुणं पसरलं, तशी अंगण असलेली घरंही वाढली आणि त्या अंगणांत पुन्हा कोंबड्या दिसू लागल्या. चार-पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), एक कोंबडा, घरची अंडी, भाजीच्या देठांची सोय. पहिले काही महिने सुरळीत जातात. मग एका सकाळी खुराड्याची जाळी वाकलेली असते, अंगणभर पिसं उडत असतात आणि कोंबड्या नसतात. त्यानंतर लोक विचारतात ते एवढंच, की कोल्ह्याला मारायचं कसं.

माझं उत्तर आधीच सांगते. कोल्ह्याला काहीही करायचं नाही, जे करायचं ते खुराड्याला करायचं. एक कोल्हा गेला तर ती जागा काही दिवसांत दुसरा घेतो, कारण तिथे खायला सहज मिळतं. खुराडं नीट झालं, तर मात्र त्याच शेजारात तुमच्या कोंबड्या आणि तो कोल्हा दोघंही वर्षानुवर्षं राहतात. पुण्याभोवतीच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर हे पूर्वापार चालत आलं आहे.

पहिली पायरी : नेलं कोणी ते आधी शोधा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच घाईत राहून जातं. पिसं झाडून टाकण्याआधी, मेलेल्या कोंबड्या उचलण्याआधी, पाच मिनिटं शांतपणे बघा. फोटो काढा. आत शिरायला वाट कुठून मिळाली, जखम कुठे आहे, काय खाल्लं आणि काय टाकलं, हे बघा.

कोंबडी अख्खी गायब, एका जागी पिसांचा पुंजका आणि तिथून कुंपणाच्या किंवा उसाच्या दिशेने तुरळक पिसं, जाळीखाली उकरलेली माती, ही कोल्ह्याची कामगिरी. तो संध्याकाळ ते पहाट या वेळात येतो, बऱ्याचदा जोडीने. बंद खुराड्यात शिरला तर नेता येतील त्यापेक्षा जास्त कोंबड्या मारतो. त्यात क्रूरपणा नाही. भक्ष्य समोर फडफडतंय आणि पळून जात नाही, अशा वेळी शिकारी प्राण्याचा जबडा थांबत नाही.

खोकड मात्र बिचारं उगाच बदनाम होतं. सासवड, जेजुरी, सुपे, दौंडकडच्या माळरानावर राहणारं हे कोल्ह्याच्या कुळातलं छोटं जनावर, वजन साधारण दोन ते साडेतीन किलो, झुबकेदार शेपटीचं टोक काळं. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा. खोकडाचा मुख्य आहार उंदीर, किडे, सरडे, बोरं असा असतो. मोकळं सुटलेलं पिल्लू ते उचलेल, पण धडधाकट कोंबडीच्या वाटेला क्वचितच जातं. तुमच्या बांधावर खोकड दिसत असेल तर उंदीर कमी होतायत असं समजा.

कोंबड्या जागोजागी मरून पडल्यात, पाठीला-मांडीला वेडेवाकडे चावे आहेत, खाल्लेलं फारसं काही नाही, जाळी ओढून फाडली आहे, तर ती कुत्री. पुण्याच्या आसपास कोल्ह्याच्या नावावर खपणारे बरेचसे हल्ले कुत्र्यांचेच असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलांचा आणि चिकनच्या दुकानांचा कचरा जिथे उघड्यावर पडतो, तिथे हे हमखास होतं.

दिवसाढवळ्या, तुम्ही घरात जेवत असताना, कोंबडी मान चावलेल्या अवस्थेत सापडली किंवा अंडी फुटून रिकामी झाली, तर मुंगसावर संशय घ्या. पाषाण, बावधन, एनडीएच्या बाजूला, अगदी शहरातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही मुंगसं भरपूर आहेत. ती दिवसा फिरतात, त्यामुळे रात्रीचं कडेकोट खुराडं त्यांच्यापुरतं निरुपयोगी ठरतं. रात्री वरच्या फटीतून आत येणारी असतात ती रानमांजर, उदमांजर आणि जवादी. उदमांजर तर झाडावरही सहज चढतं. आंब्यावर जाऊन बसणारी गावरान कोंबडी सुरक्षित असते हा समज म्हणूनच खोटा आहे.

पिल्लं एकेक करून कमी होतायत आणि जवळ ताज्या मातीचा ढीग असलेलं बीळ आहे, तर घूस. दुपारी पिल्लू गेलं तर घार, शिक्रा किंवा कावळा. मोठी कोंबडी खुराड्यात मेली आहे पण अंगावर ओरखडाही दिसत नाही, तर साप किंवा आजार. साप आत असेल तर हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा. आजाराची शंका आली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. औंधच्या रोग अन्वेषण विभागात मेलेल्या पक्ष्याची तपासणी होते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर रात्री खुराड्याभोवती हातभर रुंदीचा रांगोळीचा किंवा चाळलेल्या मातीचा पट्टा पसरा. सकाळी ठसे वाचा. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट असतो. चार बोटं, नखं नाहीत, गोलसर ठसा म्हणजे मांजरवर्गातलं कोणीतरी. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर. पावसाळ्यात रांगोळीची गरज नाही, चिखलच सगळं सांगतो.

त्याच दिवशी करायचं ते

एकदा खायला मिळालं की तो प्राणी परत येतो. बहुधा दुसऱ्याच रात्री. त्यामुळे कायमस्वरूपी खुराड्याचे बेत नंतर, आज अंधार पडायच्या आत उरलेल्या कोंबड्या पक्क्या जागी गेल्या पाहिजेत. बाथरूम, गॅरेज, जिन्याखालची खोली, काहीही चालेल.

त्याआधी हरवलेल्या शोधा. घाबरलेली कोंबडी झुडपात, पाल्याच्या ढिगात, गाडीखाली दबून बसते आणि हाक मारली तरी आवाज देत नाही. अनेकदा मेली असं समजून सोडलेली कोंबडी संध्याकाळी जिवंत सापडते.

जखमी असेल तिला अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवा. इतर कोंबड्या रक्त बघून टोचतात. जखम सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. हळद लावून थांबू नका. दातांची जखम वरून बारीक दिसते पण आत खोल असते आणि पिकते, म्हणून प्रतिजैविकासाठी डॉक्टरकडे न्या. चावलेल्या, मेलेल्या कोंबड्या शिजवायच्या नाहीत. घरापासून दूर, कंबरेइतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि वर दगड ठेवा. उकिरड्यावर फेकलं तर तेच आमंत्रण ठरतं.

कोंबडी सोडवताना कोल्हा, मुंगूस किंवा कुत्रा तुम्हालाच चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजची लस घ्यायला जा. यात दिरंगाई नको.

खुराडं : पायापासून वर

नवीन माणूस पहिली चूक करतो ती जाळी विकत घेताना. षटकोनी भोकांची पातळ 'कोंबडी जाळी' कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. तुम्हाला हवी वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची चौकोनी भोकांची जाळी. रविवार पेठेत, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत ती मिळते. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची आणि त्याच्या वर एक इंचाची घ्या. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड, हे दुकानात जायच्या आधी लक्षात ठेवा. जाळी नुसत्या बाइंडिंग वायरने बांधू नका. लाकडी चौकटीवर स्क्रू आणि रुंद वॉशर, लोखंडी अँगलवर पट्टी आणि नट-बोल्ट.

आता जमीन. कोल्हा भिंतीवर चढून येण्याऐवजी खालून उकरून येणं पसंत करतो, म्हणून सगळा जीव तळाशी लावा. मुळशीच्या बाजूला मुरूम आणि खडक आहे, तिथे खोदणं त्यालाही जड जातं आणि तुम्हालाही. पूर्वेला, लोणी काळभोर, यवत, दौंडकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि नुसते रोवलेले खांब वर्षभरात कलतात. तिथे नऊ इंची विटांचा किंवा दगडाचा पाया घालून त्यावर खुराडं उभं करा आणि तळाला शहाबादी फरशी किंवा कोबा करा.

पाया घालणं शक्य नसेल तर जाळीची झालर काढा. म्हणजे भिंतीची जाळी जमिनीपाशी बाहेरच्या बाजूला वळवायची आणि दीड ते दोन फूट आडवी पसरून, खिळ्यांनी ठोकून, वर माती किंवा दगड टाकायचे. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरायला लागतो. पंजा जाळीवर अडकतो. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, हे त्याला सुचत नाही. खोल चर खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं आणि नंतर तपासताही येतं.

वर बघा. पत्र्याच्या नागमोडी वळणांखाली आणि भिंतीच्या माथ्यावर जी फट राहते, तिथून उदमांजर आणि मुंगूस आरामात जातं. ती जाळीने किंवा सिमेंटने बुजवा. कौलं असतील तर ती उचलली जातात, खालून जाळी मारा. फरशी धुतल्यावर पाणी जायला ठेवलेलं मोरीचं भोक हटकून विसरलं जातं. त्याला लोखंडी जाळी लावा. दोन बोटं जाईल अशी कुठलीही फट ठेवायची नाही, हा नियम केलात की बाकी मोजमापं पाठ करावी लागत नाहीत.

हवा मात्र बंद करू नका. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात कोंदट खुराड्यात कोंबड्या शिकाऱ्याशिवायच मरतात. समोरासमोर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, वेल्डमेशच्या खिडक्या ठेवा.

बसायच्या दांड्या भिंतीच्या जाळीपासून फूटभर आत असू द्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा पंख बाहेरून ओढला जातो. एका कोंबडीला दांडीवर आठ इंच जागा आणि जमिनीवर दोन चौरस फूट पुरते. खाली भाताचं तूस घाला.

दार बाहेर उघडणारं हवं आणि चौकटीवर येऊन बसणारं, म्हणजे बाहेरून धक्का मारला तर ते अधिकच घट्ट बसतं. खाली दगडी उंबरठा. कडी एक नाही, दोन. एक वर, एक खाली, आणि त्यात खिट्टी किंवा कॅराबिनर (गिर्यारोहकांची स्प्रिंगची कडी). सैल कडी वाऱ्याने, कुत्र्याच्या धडकेने, कधी बकरीच्या शिंगानेही निघते.

फक्त पाच-सहा कोंबड्या असतील तर पायांवर उभं केलेलं लोखंडी खुराडं फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणं सर्वात सोपं. जमिनीपासून तीन फूट उंच, तळाला अर्ध्या इंची जाळी, खाली विष्ठा पडायला पत्रा. उकरण्याचा प्रश्नच संपतो. डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) मात्र फक्त दिवसा, पिल्लं झाकायला. रात्री डालग्याखाली ठेवलेली कोंबडी म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखी. कुत्रं नाकाने ते उलटं करतं.

संध्याकाळची सवय

उत्तम खुराडं असूनही कोंबड्या जातात, कारण दार वेळेवर लागत नाही. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जून-जुलैत सव्वासातच्या सुमारास. ऑफिसातून हिंजवडी किंवा खराडीचा ट्रॅफिक पार करून येणाऱ्याला हिवाळ्यात सहाची वेळ गाठता येत नाही, आणि कोल्ह्याला नेमका तोच अर्धा तास पुरतो. घरी कोणी नसेल तर शेजारच्या आजींशी बोलून ठेवा, किंवा उजेडावर चालणारं स्वयंचलित दार बसवा. तसं दार बसवल्यावरही सगळ्या आत आल्यात का ते मोजायला माणूस लागतोच. बाहेर राहिलेली एकटी कोंबडी बंद दारापाशीच बसून राहते.

नवीन कोंबड्या आणल्या की आठवडाभर खुराड्यातच ठेवा. घर कुठलं ते त्यांना कळतं आणि मग अंधारू लागलं की आपोआप परततात. संध्याकाळचं धान्य कायम आतच टाका. डब्यात मूठभर ज्वारी घेऊन तो खुळखुळवायचा आणि एकच ठरलेली हाक मारायची. काही दिवसांत डब्याच्या आवाजाला सगळ्या धावत येतात. हल्ल्याच्या वेळी, अचानक पाऊस आल्यावर, हाच डबा कामी येतो.

सकाळी पूर्ण उजाडल्याशिवाय सोडू नका. आणि खुडूक झालेल्या कोंबडीवर लक्ष ठेवा. ती कुंपणाच्या कडेला घाणेरीच्या झुडपात गुपचूप अंडी घालून तिथेच रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसते, रात्री हलत नाही, आणि सगळ्यात आधी तीच जाते. तिला अंड्यांसकट संध्याकाळी उचलून खुराड्याच्या बंद कोपऱ्यात बसवा.

दिवसासाठी जाळीचं कुंपण केलेलं, वरून झाकलेलं छोटं आवार असेल तर मुंगूस आणि घार दोघांचाही प्रश्न सुटतो. ते नसेल तर निदान दाट झुडपं, एखादं खाली मोकळं असलेलं बाकडं, लपायला काहीतरी ठेवा. चांगला कोंबडा मोलाचा असतो. आकाशात घार दिसली की तो एक बारीक, लांब आवाज काढतो आणि जमिनीवरचं जनावर दिसलं की तुटक कलकलाट करतो. हे दोन आवाज वेगळे ओळखायला शिका. घरात बसूनही काय आलंय ते कळतं.

ऊसतोडीचे महिने

हवेली, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर इथे राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. उसाचा फड हे कोल्ह्याचं आडोशाचं ठिकाण. दिवाळीच्या आसपास तोड सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. शेजारचा फड मोकळा झाला की त्यातली जनावरं एका रात्रीत बेघर होतात आणि वस्तीकडे सरकतात. पुढे त्यांच्या पिल्लांचा हंगाम येतो आणि भूक वाढते. म्हणून गळित हंगाम सुरू व्हायच्या आधी खुराड्याची तपासणी करा : जाळीचे गंजलेले टाके, झालरीवरची वाहून गेलेली माती, फुगलेलं दार. 

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत त्याच उसात बिबट्या असतो. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागून, उजेडात असावं. राखणीला कुत्रं बांधून ठेवू नका, बिबट्याला कुत्रं कोंबडीपेक्षा जास्त प्रिय. रात्री कोंबड्यांचा आवाज आला तर एकट्याने बॅटरी घेऊन बाहेर पडायचं नाही. कोंबडी गेली तर गेली. वनविभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवा.

जे अजिबात करायचं नाही

विष टाकायचं नाही. ते कोल्ह्याआधी शेजाऱ्याचं कुत्रं, मांजर, घार, कधी तुमचीच कोंबडी खाते, आणि लहान मुलं अंगणात खेळतात. फास आणि सापळे लावायचे नाहीत. कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मारणंच काय, पकडून लांब नेऊन सोडणंही परवानगीशिवाय गुन्हा आहे. खुराड्यात प्राणी अडकलेला सापडला तर दार उघडं ठेवून, माणसं बाजूला करून त्याला जाऊ द्या. जखमी असेल तर १९२६ वर कळवा.

कुंपणात घरची वीज थेट सोडणं हे सगळ्यात भयंकर. त्याने माणसं मेली आहेत. कुंपणच हवं असेल तर प्रमाणित सौर झटका यंत्र घ्या, जे क्षणभराचा, जीव न घेणारा झटका देतं. कोल्ह्यासाठी खालची तार जमिनीपासून सहा इंचांवर, पुढच्या एका फुटावर आणि दीड फुटावर. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला खालचं गवत कापावं लागतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी यात पैसे घालू नयेत.

लुकलुकणारे दिवे, रेडिओ, बुजगावणं यांनी थोडे दिवस फरक पडतो, मग प्राणी सरावतात. सांडलेलं खाद्य रोज उचलणं याहून कितीतरी उपयोगी. खाद्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप, मुंगूस आणि मांजर येतात.

पुन्हा कोंबड्या आणताना

खुराडं पुरं होऊन निदान दोन आठवडे रिकामं राहू द्या आणि रांगोळीचा पट्टा चालू ठेवा. एखाद्या कोपऱ्यात उकरण्याचा प्रयत्न झाला तर कोंबड्या यायच्या आधीच कळेल. खडकीच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात पिल्लांची चौकशी करा. खासगी माणसाकडून घेत असाल तर लसीकरणाची नोंद मागा. एक दिवसाची पिल्लं आणलीत तर मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंबाने द्यावी लागते, आणि घूस, कावळा, मांजर यांना ती महिना-दीड महिना सहज सापडतात. पहिल्यांदाच पाळत असाल तर दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा घ्या. जुन्या वाचलेल्या कोंबड्यांमध्ये त्या लगेच मिसळू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, आजारी नाहीत याची खात्री करा, मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर जुन्यांच्या शेजारी दांडीवर नेऊन बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होईल. दोन जागी खाद्य आणि दोन जागी पाणी ठेवलंत तर आठवडाभरात थांबेल.